शब्दांशी गट्टी : वऱ्हाडी, नागपुरी की वैदर्भीय?

बालदोस्तांनो,

मागच्या रविवारी सकाळी दार वाजलं. उघडून पाहतो तर आमच्या खालच्या मजल्यावरची आठवीतली मैत्रीण. हातात वही, कानावर पेन्सिल आणि चेहरा पडलेला. एरवी ही मुलगी जिन्यावरूनच हाका मारत येते. आज मात्र गुपचूप येऊन खुर्चीत बसली.

"काका, एक शब्द पाहिजे."

"एकच? दोन घे. आज रविवार आहे," मी म्हणालो. ती हसली नाही. मग मीही मुकाट्याने समोर बसलो.

झालं होतं असं. शाळेत बाईंनी निबंध दिला होता, 'माझी ओळख'. पहिलं वाक्य फळ्यावरच लिहून दिलं होतं : 'मी ----- आहे.' गाळलेल्या जागी आपण कुठले ते एका शब्दात लिहायचं. झालं! वर्गात जुंपली. एक जण म्हणाला, 'आपण वऱ्हाडी.' दुसरा म्हणाला, 'छे, वऱ्हाड तिकडे अमरावतीला. आपण नागपुरी.' तिसरी म्हणाली, 'माझे बाबा पेपरात वाचतात, त्यात वैदर्भीय लिहितात.' तेवढ्यात नुकताच दुसऱ्या शहरातून आलेला एक मुलगा म्हणाला, 'सगळं एकच. "काय करून राहिला बे" म्हणणारे!' सगळा वर्ग हसला.

"मीपण हसले," ती हळूच म्हणाली. तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं. पण तिने ते गिळलं आणि वही उघडली. "सांगा ना, यातला बरोबर शब्द कोणता?"

तर दोस्तांनो, हा आपला आजचा प्रश्न. तुम्ही गोंदियाचे असा, बुलढाण्याचे असा नाहीतर ठाण्याचे, गंमत सगळ्यांसाठी आहे. चला, एकेका शब्दाशी गट्टी करू.

पहिला शब्द : नागपुरी

हा शब्द तसा सरळ. पण तो कुणाला लावायचा, याची एक छान रीत आहे. संत्री नागपुरी असतात. लुगडं नागपुरी असतं. धंतोलीतून सकाळी सीताबर्डीकडे निघालात तर वाटेत पोह्यांवर लालभडक तर्री ओतलेली दिसते, ती नागपुरी तर्री. पण ते पोहे खाणारा माणूस? तो नागपूरकर!

पुण्याचं पाहा. पगडी पुणेरी, पण माणूस पुणेकर. कोल्हापूरचं पाहा. चप्पल कोल्हापुरी, माणूस कोल्हापूरकर. म्हणजे वस्तूला, चवीला, बोलीला 'ई' किंवा 'री', आणि माणसाला 'कर'. हा काही लोखंडी नियम नाही. कुणी प्रेमाने 'अस्सल नागपुरी माणूस' म्हणतंच. पण 'नागपूरकर संत्री' असं म्हणून पाहा बरं! संत्र्यालाच हसू येईल.

शुद्धलेखनाची एक खूणगाठही बांधून ठेवा. 'नागपूर' आणि 'नागपूरकर' यांत 'पू' दीर्घ. 'नागपुरी', 'नागपुरात' यांत 'पु' ऱ्हस्व. परीक्षेत हा अर्धा गुण फार जणांचा जातो.

आणि एक फसवी गोष्ट. 'नागपुरी' नावाची एक वेगळीच भाषा आहे. ती आपल्याकडे नाही, दूर झारखंडात बोलतात. तिकडच्या छोटा नागपूर पठारावरून तिला ते नाव पडलं. तिलाच सादरी असंही म्हणतात. तेव्हा रांचीचा एखादा मित्र भेटला आणि 'मी नागपुरी बोलतो' म्हणाला, तर लगेच त्याच्यापुढे तर्री-पोहे ठेवू नका. आधी विचारा, कोणतं नागपूर!

दुसरा शब्द : वऱ्हाडी

आधी हा शब्द नीट लिहायला शिकू. हा 'र' अर्धचंद्रासारखा आडवा पडलेला असतो : ऱ्ह. वऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, गाऱ्हाणं. ही सगळी एकाच घरची भावंडं. त्यांच्या डोक्यावर रफार देऊ नका.

शब्दकोश उघडलात तर वऱ्हाडी या शब्दाचे निरनिराळे अर्थ सापडतील. लग्नाला जाणारा पाहुणा तो वऱ्हाडी. वऱ्हाड या प्रदेशात राहणारा तो वऱ्हाडी. आणि त्या प्रदेशाची बोली तीही वऱ्हाडी. म्हणजे वऱ्हाडातला माणूस लग्नाला निघाला की वऱ्हाडी वऱ्हाडी झाला! लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग तुमच्या आईबाबांनी नक्की पाहिला असेल. त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, आणि ते निघतं मराठवाड्यातल्या खेड्यातून. अमरावती-अकोल्याशी त्याचा काही संबंध नाही. पुष्कळ मोठी माणसंही इथे फसतात. घरी विचारून पाहा.

मग वऱ्हाड हा प्रदेश कोणता? अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि 1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम. नागपूर त्यात येत नाही! हे नाव आलं कुठून? अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'ऐने अकबरी'त लिहून ठेवलंय की या मुलखाचं मूळ नाव 'वरदातट'. वरदा म्हणजे आपली वर्धा नदी, तिचा तट तो वरदातट. लोककथा मात्र वेगळंच सांगते. रुक्मिणीच्या लग्नाला जे वऱ्हाड जमलं, त्यावरून हे नाव पडलं म्हणे. इतिहासाच्या परीक्षेत ही लोककथा लिहू नका, पण धाकट्या भावंडांना जरूर सांगा.

फारसीत लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून 'वऱ्हाड'चं झालं 'बरार' आणि इंग्रजांनी केलं 'बेरार'. अचलपूरच्या इमादशाहीने 1490 ते 1574 या काळात इथे राज्य केलं. पुढे मोगल आले, मग निजाम आला. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1903 साली त्यांनी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं. मध्यप्रांताची राजधानी होती नागपूर. अशी वऱ्हाडची आणि नागपूरची कारभारातली सोयरीक जुळली. तुमचे पणजोबा 'सीपी अँड बेरार' म्हणत असतील ना, ते हेच.

थोडक्यात काय, वर्गातला तो दुसरा मुलगा बरोबर होता. नागपूरच्या माणसाला वऱ्हाडी म्हटलं तर नकाशा ऐकत नाही. पण बोलीचं पाहिलं तर पहिला मुलगाही अगदीच चुकला नव्हता. कारण नागपूरची बोली आणि वऱ्हाडी या सख्ख्या बहिणी. दोघींतही 'मला' नाही, 'मले'. 'का' नाही, 'काऊन'. आणि 'हो' नाही, 'हाव'!

आता ते 'करून राहिला'. प्रमाण मराठीत 'तो काय करतो आहे?' आणि इकडे 'तो काय करून राहिला?' ही चूक नाही, ही एक रचना आहे. हिंदीतलं 'कर रहा है' आठवा. 1861 सालापासून नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्यात जबलपूर, रायपूर हेही होते. मराठी आणि हिंदी एकाच बाजारात भाजी घेत होत्या. शेजारणी एकमेकींकडून साखर नेतात, तशा भाषाही एकमेकींकडून रचना नेतात. पुण्याच्या मराठीत फारसीचे शब्द भरलेत, कारवारकडच्या मराठीत कानडीचे. मग नागपूरच्या मराठीत हिंदीची चिमूटभर साखर आली, तर बिघडलं कुठे?

तिसरा शब्द : वैदर्भीय

या शब्दाची जन्मकथा सगळ्यांत मजेदार आहे. पुराणांत विदर्भ नावाचा यदुकुळातला राजा सांगितलाय, त्याच्यावरून देशाचं नाव विदर्भ. आता संस्कृतची एक जादू पाहा. देशाच्या नावातला पहिला स्वर मोठा केला की 'त्या देशाची' असा शब्द तयार होतो.

गंधार देशाची ती गांधारी. मद्र देशाची ती माद्री. केकय देशाची ती कैकेयी. विदेहाची वैदेही, मिथिलेची मैथिली, म्हणजे दोन्ही सीताच. कोसलाची कौसल्या. आणि विदर्भाची ती वैदर्भी!

आलं का लक्षात? रामायण-महाभारतातल्या कितीतरी राण्यांना आपण ज्या नावाने ओळखतो, ते नाव म्हणजे त्यांच्या माहेरची पाटी आहे. वैदर्भी म्हणजे नळराजाची दमयंती. वैदर्भी म्हणजे श्रीकृष्णाची रुक्मिणी. तिच्या माहेरची राजधानी कुंडिनपूर. आज अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे, तेच ते असं मानतात. उद्या तुमच्या वर्गात वैदर्भी नावाची मुलगी आली, तर तिला सांगा, तुझ्या नावात एक अख्खा मुलूख आहे.

'वैदर्भी'चा आणखी एक अर्थ आहे आणि तो माझा सगळ्यांत लाडका. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये वामन नावाचा पंडित होऊन गेला. काव्य कसं लिहावं यावर त्याने ग्रंथ लिहिला. त्यात लिहिण्याच्या तीन रीती सांगितल्या : वैदर्भी, गौडी आणि पांचाली. यांतली सर्वांत उत्तम कोणती? तर वैदर्भी. म्हणजे गोड, स्वच्छ, ऐकताच समजणारी, मोठमोठ्या समासांचं ओझं नसलेली. कालिदासाची भाषा या रीतीची मानतात. आणि हे प्रशस्तिपत्र कुणी दिलं? नागपूरच्या माणसाने नव्हे, काश्मीरच्या माणसाने! एक काळ असा होता की 'विदर्भासारखं लिहितोस' ही शाबासकी होती.

मग 'वैदर्भीय' कुठून आला? 'वैदर्भ' म्हणजेच विदर्भाचा. त्याला पुन्हा 'ईय' जोडलं. व्याकरणाचे कडक मास्तर म्हणतील, 'एकदा टोपी घातली होती, वर फेटा कशाला?' भारत-भारतीय, तसं विदर्भ-विदर्भीय पुरे होतं की! पण वर्तमानपत्रांनी, सभांनी, लेखकांनी 'वैदर्भीय' वापरला आणि तो रुळला. भाषेत शेवटचं मत वापरणाऱ्यांचं असतं. विदर्भाच्या संघाने रणजी करंडक तीनदा जिंकला (2017-18, 2018-19 आणि 2024-25), तेव्हा 'वैदर्भीय खेळाडू' हा शब्द कुणाला खटकला नाही.

हा शब्द सर्वांत ऐसपैस. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. त्या आठांचे आता अकरा झालेत. अकोल्याचा वऱ्हाडी वैदर्भीय, नागपूरकर वैदर्भीय, मेळघाटातला कोरकू बोलणारा मुलगा वैदर्भीय आणि गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुलगीही वैदर्भीय. छत्री मोठी आहे, सगळे मावतात.

एक विसरलेला शब्द : झाडीचे

वर्गातल्या भांडणात एक शब्द कुणीच घेतला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा जंगलांचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. तिथली बोली ती झाडीबोली. दिवाळीनंतर तिथे गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात आणि पाहायला पंचक्रोशी लोटते. याच झाडीपट्टी रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

आता एक छोटीशी गंमत. 'डोळा' हा शब्द घ्या. पुण्या-मुंबईत डोळा. वऱ्हाडात 'ळ'चा होतो 'य', म्हणून डोया. झाडीपट्टीत 'ळ'चा होतो 'र', म्हणून डोरा. एकच डोळा, पण तीन गावांतून तीन तऱ्हांनी पाहतो!

तिकडे स्पेनमध्ये

हे सगळं आपल्याकडेच होतं असं समजू नका. युरोपात स्पेन देश आहे. त्याच्या दक्षिणेच्या भागाला म्हणतात आंदालुसिया. त्याचे प्रांत किती? आठ! सेव्हिल तिथलं मोठं शहर, आणि सेव्हिलच्या रस्त्यांवर झाडं कशाची? संत्र्याची! फक्त ती कडू असतात, त्यांचा मुरांबा करतात. तेवढ्या बाबतीत आपण जिंकलो.

तिथल्या माणसाला काय म्हणायचं, याचेही पुष्कळ शब्द आहेत. आजचा तिथला रहिवासी तो 'आंदालुस'. 711 ते 1492 या काळात तिथे मुस्लिम राज्यं होती, त्या जुन्या काळाच्या माणसाला आणि कलेला म्हणतात 'आंदालुसी'. शेवटी एक वेलांटी आली की पाचशे वर्षं मागे! तिसरा शब्द 'बेतिको'. तिथल्या मोठ्या नदीला रोमन लोक बेतिस म्हणत, तिच्यावरून तो आला. वरदेवरून वऱ्हाड, तसं. फुटबॉलवेड्यांनो, सेव्हिलचा 'रेआल बेतिस' संघ आठवला का? त्याच्या नावात तीच नदी वाहते.

आणि आता कान देऊन ऐका. राजधानी माद्रिदमध्ये या लोकांना 'आंदालुथ' म्हणतात, शेवटी जीभ दातांत धरून. सेव्हिलचे लोक स्वतःला म्हणतात 'आंदालुस'. तिकडचा 'थ' इकडे 'स' होतो. कुणी तर शेवटचं अक्षर गिळूनच टाकतात. म्हणजे स्वतःचं नावसुद्धा ते आपल्या उच्चारात सांगतात. त्यावरून त्यांची थट्टा झाली का? झाली ना! 1492 साली स्पॅनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरण आंतोनियो दे नेब्रिखा या विद्वानाने लिहिलं. तो आंदालुसियातल्या लेब्रिखा गावचा. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका विद्वानाने नाक मुरडलं, की हा तर आंदालुस, याची भाषा कुठली शुद्ध! भाषेचं पहिलं व्याकरण लिहिलं त्याने, आणि भाषा येत नाही तीही त्यालाच!

पण काळ मोठा गमत्या असतो. त्याच 1492 साली कोलंबसाची जहाजं आंदालुसियातल्या पालोस बंदरातून निघाली. पुढे कित्येक वर्षं अमेरिकेकडे जाणारी जहाजं सेव्हिल आणि कादिझहून सुटत. त्यांतून तिथली माणसं गेली, तसा त्यांचा 'स'सुद्धा गेला. आज मेक्सिकोपासून आर्जेंटिनापर्यंत कोट्यवधी लोक स्पॅनिश बोलतात, त्यात 'थ' नाही, 'स' आहे. ज्याला हसले, तो उच्चार समुद्र ओलांडून अर्धं जग फिरून आला.

आणि इकडे धंतोलीत

हे सगळं ऐकता ऐकता आमच्या मैत्रिणीची पेन्सिल थांबली होती.

"काका, आणखी एक सांगू? रागवणार नाही ना?"

मग तिने गिळलेलं बाहेर काढलं. तिची आजी दर्यापूरकडच्या खेड्यातली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर इथे आली आहे. धंतोलीत दवाखान्यांना काय तोटा! गुरुवारी वर्गातल्या मुली प्रोजेक्ट करायला घरी आल्या. आजी आनंदाने बाहेर आली आणि म्हणाली, "या वं पोरीहो, बसा. माह्या डोयाले आता बरं हाये." दोघी-तिघी खुदकन हसल्या. आणि आमची मैत्रीण म्हणाली, "आजी, तू आत जाऊन बस ना."

आजी आत गेली. तेव्हापासून ती फक्त 'हाव' आणि 'नाई' एवढंच बोलते.

मी काही रागावलो नाही. कसा रागावणार? मी स्वतः शिकायला परगावी गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात खाणावळीत म्हणालो, "भाजीवर थोडा सांबार टाका." नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तुम्हांला ठाऊकच आहे. वाढणाऱ्याने भाजीवर इडलीबरोबरचं वाटीभर सांबार ओतलं आणि सगळी पंगत हसली. पुढचे सहा महिने मी तो शब्द तोंडातून काढला नाही. आईचं पत्र आलं तर मित्रांपासून लपवून वाचायचो, कारण आई लिहायची तशीच, जशी बोलायची. त्या हसण्याचं मला आज काही वाटत नाही. त्या लपवण्याचं मात्र अजून वाटतं.

तिला मी दोनच गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानतात तो 'लीळाचरित्र'. म्हाइंभटांनी तो तेराव्या शतकात लिहिला. कुठे? रिद्धपूरला. हे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, म्हणजे आजीच्याच जिल्ह्यात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे. नेब्रिखाचं लेब्रिखा, तसं आपलं रिद्धपूर.

दुसरी अशी. गाडगेबाबा आजीच्याच मुलखातले. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले. हातात खराटा घेऊन महाराष्ट्रभर फिरले. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाने लोकांची मनं झाडायची. कीर्तनाची भाषा कोणती? हीच वऱ्हाडी. मुंबईच्या कामगारांनी ती ऐकली, प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांचं चरित्र लिहिलं. त्यांना कुणी म्हटलं नाही, की बाबा, आधी 'ळ' म्हणायला शिका.

"पण काका, परीक्षेत 'डोया' लिहिलं तर मार्क जातील," ती म्हणाली. हुशार आहे ना!

"जातील. म्हणून तिथे 'डोळा'च लिही," मी म्हणालो. "प्रमाण मराठी शिकायचीच. ती सगळ्यांच्या भेटीची जागा आहे. लातूरच्या मुलाला आणि सावंतवाडीच्या मुलीला तुझा निबंध कळला पाहिजे. पण भेटीच्या जागेवर जायचं म्हणून कुणी घर पाडत नाही. शाळेचा गणवेश घालतेस ना? मग घरचा फ्रॉक जाळून टाकतेस का?"

ती उठली आणि धाडधाड जिना उतरून गेली. वही माझ्याकडेच राहिली.

तासाभराने वही द्यायला मी खाली गेलो. आजी डोळ्यांवर काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या आणि नात पायाशी.

"काऊन वं, कायले पायजेत तुले हे शब्द?" आजी विचारत होत्या.

"निबंधासाठी. सांग ना, गुडघ्याला काय म्हणतात?"

"टोंगया."

"टोमॅटोला?"

"भेदरं."

"आणि शेताला? बांधाला?"

"वावर. अन् बांधाले धुरा. आता मले का विचारून राह्यली? मी त अशीच बोलतो बाप्पा." आजी म्हणाल्या आणि मग कितीतरी वेळ बोलत राहिल्या. ऐकलंत ना? 'मी बोलतो' म्हणाल्या, 'बोलते' नाही. वऱ्हाडात बायकाही असंच म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकात ते नसेल, पण आजीच्या तोंडी आहे.

सोमवारी निबंध वर्गात वाचला गेला. बाईंनी एक शब्द मागितला होता, आमच्या मैत्रिणीने तीन वाक्यं लिहिली : 'मी धंतोलीत राहते, म्हणून नागपूरकर. माझी आजी दर्यापूरची, म्हणून मी थोडी वऱ्हाडी. दोन्ही गावं विदर्भात, म्हणून मी वैदर्भीय.' खाली आजीच्या शब्दांची दोन पानं. 'टोंगया'ला दोघं-तिघं हसलेच. पण मधल्या सुट्टीत तो नवा मुलगा तिच्याकडे आला आणि म्हणाला, "माझी आजी गुडघ्याला काय म्हणते, ते मी कधी विचारलंच नाही. आज फोन करतो."

आता तुमचं काम

1. पांचाली, गांधारी, मैथिली अशी माहेरच्या देशावरून आलेली आणखी नावं शोधा. दोन मिळाली तर छान, चार मिळाली तर शाबास.

2. तुमच्या गावाच्या नावाला वस्तूसाठी काय लावतात आणि माणसासाठी काय? दोन्ही लिहा. (सोलापुरी चादर, सोलापूरकर माणूस, असं.)

3. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ बसा. गुडघा, टोमॅटो, कोथिंबीर, शेत आणि डोळा यांना त्यांच्या लहानपणी काय म्हणत, ते विचारा. जसं सांगतील तसंच लिहा. दुरुस्त करायचं नाही!

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्याशी. पाहुण्यांसमोर मूल 'मले' म्हणालं की आपण पटकन टोकतो. शिकवायचं तर जरूर शिकवा, पण चार लोकांत नको, आणि आजी-आजोबांसमोर तर मुळीच नको. मुलाचा एक शब्द सुधारता सुधारता घरातलं एक मोठं माणूस गप्प होऊ शकतं.

पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या शब्दासह. तोवर तुमची-आमची गट्टी!

तुमचा,
शब्दकाका
धंतोली, नागपूर